मुनिरक्याचा थांबा आणि आखूड नळी

बदलीच्या निमित्ताने दिल्लीत आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांची पहिली बिऱ्हाडे रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत थाटली गेली. तेथून बाह्य वर्तुळमार्गापर्यंत चालत गेले की मुनिरक्याचा बसथांबा लागतो. दिवसा त्यात लक्षात राहावे असे काही नाही. परंतु १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री नऊच्या सुमारास एक तेवीस वर्षांची विद्यार्थिनी आपल्या मित्रासह येथूनच एका खाजगी बसमध्ये चढली. बसमध्ये सहा जण होते. पुढे महिपालपूरजवळ त्या दोघांना रस्त्याकडेला टाकून देण्यात आले, आणि २९ डिसेंबरला सिंगापूरच्या रुग्णालयात तिचा अंत झाला. त्यानंतर देशभर जो क्षोभ उसळला तो सर्वश्रुत आहे.

त्या क्षोभाचे एक अपत्य मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुधनिर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. नाव ‘निर्भीक’, वजन अर्धा किलो, माप.३२, सहा गोळ्या, नळी अवघी तीन इंचांची, किंमत १,२२,३६० रुपये. पर्समध्ये सहज मावेल, ही त्याची मुख्य ख्याती. एका राष्ट्रीय शोकाला शासनयंत्रणेने दिलेले हे उत्तर कितपत खरे होते, हे पाहावयाचे तर आखूड नळीचा इतिहास थोडा मागे जाऊन चाळला पाहिजे.

‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. ‘कराबीन’ हाही तसाच परदेशी पाहुणा. शब्दांबरोबर वस्तू आल्या आणि वस्तूंबरोबर त्यांची गरजही. लांब नळीची बंदूक पायदळाच्या माणसाला सोयीची. घोडेस्वाराला एका हातात लगाम धरून ती पेलणे अवघड. म्हणून स्वारासाठी नळी तोडली गेली. त्याने पल्ला गमावला, नेम गमावला, आणि त्या मोबदल्यात हालचालीची मोकळीक मिळविली. आखूड शस्त्राचा सारा इतिहास या एकाच सौद्याचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या सौद्याला दुसरीही एक बाजू आहे. जी नळी आखूड ती लपविता येते. १८७८ च्या शस्त्रकायद्याने लिटनच्या सरकारने हिंदी जनतेला परवान्याखेरीज शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांना त्यातून वगळले. पण लांब बंदुका मोजता येतात. अंगरख्यातले पिस्तूल मोजता येत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. ही पिस्तुले लंडनहून गुप्तपणे आली होती. नि:शस्त्र केलेल्या राष्ट्राच्या मनात शस्त्राचा हक्क हा मानाचाही प्रश्न होऊन बसला, यात नवल नाही. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता.

स्वराज्य आले आणि प्रश्नाचा चेहरा पालटला. ३० जानेवारी १९४८ रोजी याच दिल्लीत, बिर्ला भवनाच्या हिरवळीवर, एका लहानशा इटालियन बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या आणि गांधीजी कोसळले. ते पिस्तूल धरणारा हात मराठी होता, ही गोष्ट दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसास विसरून चालत नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटनासमितीत हरि विष्णु कामत यांनी कराची ठरावाची आठवण देऊन शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या राज्यात जी मागणी रास्त होती ती स्वतःच्या राज्यात तशीच्या तशी उचलता येणार नाही; असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारालाही तो नाकारता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. सूचना फेटाळली गेली.

१९५९ च्या शस्त्रकायद्यात या सावधगिरीला अक्षरशः इंचांचे माप मिळाले. संरक्षणासाठी वा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला कायद्याने झुकते माप दिले. मात्र अट अशी की नळी वीस इंचांहून कमी नसावी. बंदुकीची नळी परवान्यावाचून कापून आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. सैन्याची व पोलिसांची मापे नागरिकाला वर्ज्य झाली, आणि ज्याला पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर हवे त्याच्या वाट्याला मुख्यतः .३२ चे माप उरले. ‘निर्भीक’ त्याच मापाचे का, याचे उत्तर कायद्याच्या या इतिहासात आहे.

आता निवडीचा प्रश्न. एकच आखूड शस्त्र मैदानावर सरावालाही चालावे आणि प्रसंगी जीव वाचवावयासही उपयोगी पडावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. पण या दोन गरजा परस्परांना छेद देतात. नेम धरताना मागची खाच आणि पुढची माशी यांतील अंतर महत्त्वाचे. ते दहा सेंटिमीटर असेल आणि माशी एक मिलिमीटर ढळली, तर दहा मीटरांवर गोळी दहा सेंटिमीटर चुकते. तेच अंतर वीस सेंटिमीटर असेल तर चूक निम्मी होते. वजनाचेही तसेच. एकाच काडतुसाला एक किलोचे शस्त्र जेवढ्या वेगाने मागे रेटते, त्याच्या दुप्पट वेगाने अर्ध्या किलोचे. म्हणजे जे बाळगावयास हलके, ते झाडावयास जड. आणि जे नवशिक्याच्या हाती द्यावयाचे म्हणून घडविले, त्यालाच अधिक सरावलेला हात हवा.

हा सरावलेला हात कसा असतो, ते दिल्लीने २०१० साली पाहिले. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत, तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंग नेमबाजी संकुलात, कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी पंचवीस मीटर पिस्तुलाच्या जोडी प्रकारात सुवर्णपदक मिळविले. पुढे २०१८ मध्ये राहीने आशियाई स्पर्धेतही सुवर्ण जिंकले. या खेळात पिस्तुलाची नळी १५३ मिलिमीटरपर्यंत आणि वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते; म्हणजे नळी ‘निर्भीक’च्या दुप्पट, वजन जवळजवळ तिप्पट. शीघ्र फेरीत सात सेकंद हात खाली ठेवावयाचा आणि पुढच्या तीन सेकंदांत तो उचलून एक गोळी अचूक मारावयाची. त्या तीन सेकंदांसाठी वर्षांमागून वर्षे खर्ची पडतात. आणि तेथे समोर कागदाचे लक्ष्य असते. ते अंगावर येत नाही.

मुनिरक्याहून निघालेल्या त्या बसमध्ये अंतर पंचवीस मीटरांचे नव्हते, हातभराचे होते. माणूस एक नव्हता, सहा होते. आणि धोका लक्षात येईपर्यंत दारे बंद झाली होती. पर्समधील तीन इंचांच्या नळीने तेथे काय साधले असते, हे छातीठोकपणे कोणीच सांगू नये. परंतु इतके निश्चित, की सव्वा लाखाचे शस्त्र, परवान्याची खेटे आणि सरावाचा वेळ या तिन्ही गोष्टी ज्या घरास परवडतात, त्या घरची मुलगी रात्री नऊ वाजता थांब्यावर बसची वाट पाहत सहसा उभी नसते. बलात्काराच्या हेतूने हल्ला करणाऱ्याचा प्राण घेण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क जुन्या दंडसंहितेने दिला होता, २०२३ च्या न्यायसंहितेनेही दिला आहे. कायद्याने हक्क सर्वांना दिला. साधन मात्र विकावयास ठेवले.

तरीही ज्याला परवाना मिळाला आहे आणि निवड करावयाची आहे, त्याला इतिहासाचे सांगणे सरळ आहे. आधी हात तयार करावा, मग शस्त्र निवडावे. २०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले ते याचसाठी. थोडे जड, मुठीत नीट बसणारे शस्त्र घ्यावे. पर्समध्ये मावते म्हणून नव्हे, तर ज्याच्याशी वर्षभर सराव करता येईल म्हणून. कानपूरच्याच कारखान्याने २०२३ मध्ये ‘प्रबळ’ नावाचे नवे रिव्हॉल्व्हर काढले. त्याचीही नळी तीन इंचांचीच आहे, पण वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. अनुभवाने दोनशे ग्रॅम परत मागून घेतले, असे म्हणता येईल.

आणि ज्याला परवाना नको आहे, केवळ बस हवी आहे, त्याचा प्रश्न कानपूरला सुटणारा नव्हे. मुनिरक्याच्या थांब्यावर रात्री नऊ वाजता वेळेवर येणारी, दिवे लागलेली, वाहक असलेली सरकारी बस हेच त्याचे शस्त्र. ते घडविण्याची जबाबदारी ज्यांच्या टेबलांवरून जाते, त्यांपैकी काही टेबले तुमची-आमची आहेत.