गुडघा म्हणजे बिजागरी नव्हे

शेगावहून दरवर्षी आषाढी एकादशीसाठी गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. वारकरी सुमारे सातशे किलोमीटर पायी जातात. वाटेत पावली खेळतात, मुक्कामी मांडी घालून पंगतीला बसतात. ताठ पाय म्हणजे शून्य अंश मानले, तर चालताना गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकतो, खुर्चीवरून उठताना नव्वदच्या पुढे आणि उकिडवे बसताना १३० हूनही अधिक. झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवायचा, तर त्याला यांतले किती जमले पाहिजे? या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यचिकित्सकाने क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवली. सुरुवातीला यश दिसले. पण दबलेला संसर्ग उफाळला आणि असे प्रयोग फसले. १९५० च्या दशकात धातूच्या बिजागऱ्या वापरात आल्या. त्याही पुढे सैल होत. असे का व्हावे?

दाराची बिजागरी एकाच आसाभोवती फिरते. गुडघा वाकताना मात्र मांडीचे हाड नडगीच्या हाडावर घरंगळते, घसरते आणि किंचित वळतेही. चार मुख्य अस्थिबंध या हालचालीला आवर घालतात. बिजागरीला वळणे ठाऊक नाही. त्यामुळे पिळाचा सारा जोर धातू आणि हाड जिथे जुळतात तिथे येई.

पुढचा धडा खुब्याच्या सांध्याने दिला. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याच्या वाटीसाठी निसरडे टेफ्लॉन निवडले. तीन-चार वर्षांतच ते झिजले आणि त्याच्या कणांनी भोवतालच्या ऊती सुजल्या. चार्नलींनी टेफ्लॉन व पॉलिएथिलीन स्वतःच्या मांडीत टोचून परिणाम तपासला. १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी वापरली आणि ती टिकली. त्यांच्याच रुग्णालयात काम करणाऱ्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ च्या सुमारास धातू-पॉलिएथिलीनची ही जोडी गुडघ्यात आणली. बिजागरी गेली, अस्थिबंध राहिले.

पण हे सांधे घडले ते खुर्चीवर बसणाऱ्या, थोराड हाडांच्या माणसांसाठी. आपल्याकडील अनेक रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, ती मापे मोठी पडत. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय हाडांचा विचार करून ‘इंडस’ हा गुडघा विकसित केला. किमतीचा अडसरही होताच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने सर्वाधिक वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरवली; त्याआधी ती सरासरी दीड लाखाच्या वर होती.

तरीही आज बऱ्याच रुग्णांना उकिडवे बसू नका, असेच सांगितले जाते. गुडघा फार वाकला की भार प्लॅस्टिकच्या मागच्या कडेवर एकवटतो. वेदना जाते, चालणे परत मिळते. पंगतीतली जागा मात्र प्रत्येकाला मिळतेच असे नाही.

वर्गात कोनमापक घेऊन आपण विद्यार्थ्यांचे गुडघे मोजू या: चालताना, बाकावर, मांडी घालून, उकिडवे. मग त्यांनाच विचारू या, की सांधा घडवणाऱ्याने आधी काय मोजावे, नुसते हाड, की ते हाड वापरणाऱ्याचे जगणेही?