परीक्षेची खोली

गेल्या श्रावणात माझ्या भाचीची एक परीक्षा होती, आणि ती घरी बसूनच द्यायची होती. संगणकाच्या वेबकॅमसमोर बसायचे आणि दूर कुठेतरी बसलेला पर्यवेक्षक त्यातून पाहणार. आदल्या दिवशी तिचा फोन आला, "मामा, तुम्ही वीस वर्षे परीक्षेच्या वर्गावर उभे राहिलात. आता आमच्या खोलीचा वर्ग करून द्या." मी स्वतः दहावीपलीकडे कुठल्या परीक्षेच्या वाटेला गेलो नाही; पण दुसऱ्याला परीक्षेस बसवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. गेलो.

बहिणीचे घर दोन खोल्यांचे. सूचनांचा कागद मात्र कोणी तरी ऐसपैस बंगल्यात बसून लिहिला असावा. टेबलावर संगणक आणि ओळखपत्र यांखेरीज काही नको. भिंतीवर लिखाण नको, म्हणून कॅलेंडर उतरले. पुस्तकांच्या फळीवर चादर आली, कपाटाच्या आरशावर दुसरी. खिडकी पाठीशी राहिली की चेहरा काळवंडतो, म्हणून टेबल फिरवून उजेड समोरून घेतला. वेबकॅम डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून संगणकाखाली चार जाडजूड पुस्तके ठेवली. मग ध्यानात आले की पुस्तकेच तर चालत नाहीत! शेवटी जेवणाचे दोन पाट कामी आले. कान उघडे हवेत, खोलीत दुसरे माणूस नको, आवाज नको. आणि त्याच खोलीत खाटेवर दम्याने खोकणारी तिची आजी.

चादरीची टोके खिळ्याला बांधता बांधता मला चीनमधले नानजिंग आठवले. तेथल्या जिआंगनान परीक्षागृहाची स्थापना ११६८ सालची. पुढे चिंग राजवटीत ते वाढत वाढत इतके पसरले की त्यात २०,००० हून अधिक कोठड्या झाल्या. कोठडी म्हणजे जेमतेम मीटरभर रुंदीची. तिला दार नाही. समोरची बाजू सताड उघडी, गल्लीतून फिरणाऱ्या पहारेकऱ्याला आतले सारे दिसावे म्हणून. आत दोन फळ्या. वरची फळी मेज, खालची बैठक. रात्री दोन्ही एका पातळीत आणल्या की तोच बिछाना, अर्थात पाय आखडून. अशी तीन सत्रे, आणि प्रत्येक सत्रात तीन दिवस व दोन रात्री तेथेच. आवाराच्या मधोमध मिंगयुआन नावाचा मनोरा. त्यावरून चारी दिशांना नजर असे. तोच त्या काळचा वेबकॅम म्हणायचा. तो मनोरा अजून उभा आहे, आणि परीक्षागृहाच्या जागी आता संग्रहालय आहे.

आत जाताना झडती होई. टोपी आणि कपडे बिनअस्तराचे हवेत, जोड्याचा तळ पातळ हवा, लेखणीची दांडी पोकळ हवी. बरोबर नेलेल्या खाण्याच्या वड्याही कापून पाहाव्यात असा नियमच होता. आपल्या दिवाळीतली करंजी तेथे फोडल्यावाचून आत गेली नसती! संशय काही अगदीच वावगा नव्हता. अंगरख्याच्या आत मुंगीएवढ्या अक्षरांत पाठचे ग्रंथ उतरवून नेणारे महाभाग होतेच. असे अंगरखे आजही जपून ठेवलेले आहेत.

पण त्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले जाई. एवढ्यावर न थांबता लेखनिक ती सगळी लाल शाईत पुन्हा उतरून काढीत आणि परीक्षकापुढे ती नक्कल जाई. हस्ताक्षरावरूनही कोणी ओळखता कामा नये! माणसाची झडती घ्यायची ती घेतली. पण पुढे त्याचे घर, कूळ, गरिबी यांवर पडदा टाकला. १९०५ साली ती सारी परीक्षाच बंद झाली.

आपल्याकडची तऱ्हा वेगळी. इंग्रजांनी हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी १८५५ साली स्पर्धापरीक्षा घेतली ती लंडनात. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर तीत उत्तीर्ण झाले तेही समुद्र ओलांडून. हिंदुस्थानात ही परीक्षा घेण्यास १९२२ साल उजाडावे लागले. आज तालुक्याच्या गावातली पोर घर न सोडता परीक्षा देते, हा लाभ मी लहान मानत नाही. फक्त कोठडी बांधायचे काम पूर्वी सरकारकडे होते, ते आता तिच्याकडे आले आहे.

२०२० च्या साथीत हे काम जगभर लाखो घरांवर एकदम येऊन पडले. त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात वकिलीची परीक्षा घरून झाली. एका गर्भवती परीक्षार्थिनीला पेपर चालू असतानाच कळा लागल्या. पण कॅमेऱ्यासमोरून उठले तर लबाडीचा ठपका येईल, म्हणून तो भाग संपेपर्यंत ती हलली नाही. त्याच रात्री तिला मुलगा झाला, आणि उरलेला पेपर तिने इस्पितळाच्या एका रिकाम्या खोलीत लिहिला. नानजिंगच्या पहारेकऱ्यांनीही हे पाहून मान खाली घातली असती.

क्लीव्हलंडच्या सरकारी विद्यापीठात २०२१ साली एका विद्यार्थ्याला रसायनशास्त्राच्या चाचणीआधी वेबकॅम फिरवून आपली झोपायची खोली दाखवावी लागली. घरात आई आणि भावंडे, बसायला दुसरी जागा नाही, आणि खोलीत खाजगी कागद पडलेले. तो न्यायालयात गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की खोली अशी पाहणे ही झडतीच आहे आणि ती अमेरिकेच्या राज्यघटनेत बसत नाही.

आमच्याकडे न्यायालय कुठले! परीक्षेच्या सकाळी आजीला हात धरून शेजारी नेऊन बसवले. "मी खोकले तर पोरीचे मार्क जातील का रे?" असे त्यांनी दोनदा विचारले. मी उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसलो. दार लावण्याआधी भाचीने संगणक उचलून खोली दाखवायला सुरुवात केली. छत झाले, टेबलाखालची जागा झाली. पोपडे उडालेल्या ओल्या भिंतीपाशी तिचा हात जरा अडखळला. मग तिने तीही दाखवली.

दोन तासांनी दार उघडले. ती पेपराबद्दल काही बोलली नाही. आधी शेजारी जाऊन आजीला घेऊन आली, आणि मी कॅलेंडर पुन्हा त्याच खिळ्याला अडकवले.