सफारीचं पंचांग

‘सफर’ हा शब्द मराठीला परका नाही. मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो अरबी व्यापाऱ्यांबरोबर उतरला आणि स्वाहिलीत त्याची ‘सफारी’ झाली. त्या सफारीचा प्राणी पाहण्याशी संबंध नव्हता. झांझिबारसमोरच्या बागामोयोहून हस्तिदंतासाठी निघणारे काफिले म्हणजे सफारी. शेकडो ‘पागाझी’, म्हणजे हमाल, कापडाचे गठ्ठे आणि मण्यांच्या गोण्या वाहत महिनोन्‌महिने चालत.

निघायचं कधी, हे पाऊस ठरवायचा. मार्च ते मे ‘मसिका’, म्हणजे मोठा पाऊस. त्यानंतरचे थंड, कोरडे महिने ‘किपुपवे’. वर्षअखेरीस ‘वुली’, म्हणजे छोटा पाऊस, आणि जानेवारी-फेब्रुवारीत ‘कियांगाझी’, म्हणजे कडक ऊन. लिव्हिंग्स्टनच्या शोधात निघालेल्या हेन्री स्टॅन्लीनं मार्च १८७१मध्ये बागामोयो सोडलं, ते ऐन मसिकाच्या तोंडावर. माकाटाच्या दलदलीत त्याच्या काफिल्याची दैना झाली. पाणी, चिखल, ताप आणि हगवण यांनी माणसं आणि जनावरं दोन्ही खचली.

१८९६मध्ये मोंबासाहून रेल्वेचं काम सुरू झालं. हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांच्या कष्टावर १९०१मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला भिडले आणि वाटेतल्या नैरोबीत शिकारी सफारींचा धंदा उभा राहिला. त्यातली सर्वांत गाजलेली सफारी थिओडोर रूझवेल्टची. मार्च १९०९मध्ये अमेरिकेचं अध्यक्षपद सुटलं आणि एप्रिलमध्ये तो मोंबासाला उतरला, म्हणजे पुन्हा मसिकातच! त्याची मोहीम वर्षभर चालणार होती, म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे दोन-तीनच महिने असत, ते मसिका टाळत. पावसात गवत वाढतं, पाणी जागोजागी साचतं आणि जनावरं पांगतात. कोरड्या दिवसांत तीच पाणवठ्यांवर गोळा होतात. १९३३च्या अखेरीस आलेल्या अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’त कुडू हरणामागची सगळी धावपळ चालते, ती पाऊस येऊन रस्ते बंद होण्याआधी शिकार साधावी म्हणूनच.

या पंचांगाला नवी बाजू मिळाली ती १९५८मध्ये. झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेलं छोटं विमान घेऊन बर्नहार्ड आणि मिखाएल ग्झिमेक हे जर्मन पिता-पुत्र सेरेंगेटीवर उतरले. उद्यानाच्या सीमा बदलण्याचं घाटत होतं आणि कळप कोणत्या महिन्यात कुठे असतात, याची नीट नोंदच नव्हती. ते हवेतून जनावरं मोजत राहिले आणि पावसाळ्यात कळप नियोजित सीमेबाहेर चरतात, हे त्यांना दिसलं. जानेवारी १९५९मध्ये विमानाला गिधाड धडकून मिखाएल गेला. दोघांनी सुरू केलेला सेरेंगेटीवरचा चित्रपट बापानं पूर्ण केला आणि सेरेंगेटीचं नाव जगभर पोहोचलं.

केनियानं १९७७मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला आणि एकाच ‘चांगल्या’ मोसमाचे अनेक झाले. मारा नदीत उड्या टाकणारे विल्डेबीस्ट पाहायचे, तर साधारण जुलै ते ऑक्टोबर. ज्या पावसाळी महिन्यांत शिकारी सहसा फिरकत नसत, त्यांच्या आधी, जानेवारी अखेर ते मार्चच्या सुरुवातीला, सेरेंगेटीच्या दक्षिणेकडे न्दुतूच्या आखूड गवतात माद्या वितात. ज्वालामुखीच्या राखेच्या त्या मातीत कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून दुभत्या माद्यांना तिथलं गवत मानवतं. दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात. ओलं, लटपटतं वासरू काही मिनिटांत उभं राहतं आणि आईच्या बरगडीला चिकटून धावू लागतं. शेजारच्या गवतात तरस बसलेलाच असतो.

मराठी कुटुंबांची अडचण वेगळीच आहे. शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे थेट मसिकात. तिथल्या पठारांवरही आपल्या ओळखीची काळी माती आहे. तिचं तिथलं नावही ‘ब्लॅक कॉटन सॉइल’च. भिजली की ती चाकांना लोण्यासारखी चिकटते आणि जीप अक्षापर्यंत रुतते. पुष्कळ तंबू-मुक्काम त्या दिवसांत बंद असतात. मात्र उघडे असतात ते स्वस्त मिळतात. सकाळची सर ओसरल्यावर पश्चिमेकडे सरकणारी विल्डेबीस्टची काळी रांग क्षितिजापर्यंत दिसते, आणि ती पाहायला त्या वाटेवर एखादीच गाडी उभी असते.