मोलकरणीच्या हातातला कागद : प्रस्तावना

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मोलकरणींनी स्वतःविषयी लिहून ठेवलेलं फार थोडं सापडतं. त्यांची चित्रं काढून विकणारे मात्र पुष्कळ होते. या छापचित्रांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना एकच सुचवावंसं वाटतं : चित्रात कागद कुठे आहे, तो आधी शोधा.

विल्यम होगार्थच्या १७३२ मधल्या ‘अ हार्लट्स प्रोग्रेस’ मालिकेतलं पहिलंच चित्र घ्या. कामाच्या शोधात खेड्यातून आलेली मॉल नुकतीच लंडनमध्ये उतरली आहे आणि एक कुंटीण तिची हनुवटी धरून पारख करते आहे. मॉलने भेट म्हणून आणलेल्या हंसाच्या गळ्यात चिठ्ठी आहे : टेम्स स्ट्रीटवरच्या नातलगासाठी. स्पेलिंग कानाला ऐकू आलं तसं. जवळच घोड्यावर बसलेला पाद्री बिशपच्या नावाचा पत्ता वाचण्यात गढलेला. पोरीकडे त्याचं लक्षच नाही. त्या चिठ्ठीला हसायचं, तर आपल्याला स्पेलिंग यायला हवं. सहा चित्रांना एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, मोजणाऱ्याला ते येत होतं.

सॅम्युएल रिचर्डसनच्या ‘पामेला’ (१७४०) या कादंबरीवरून जोसेफ हायमोरने बारा चित्रं रंगवली, त्यांची छापचित्रं १७४५ मध्ये निघाली. पहिल्यात मोलकरीण पामेला पत्र लिहीत बसली आहे आणि मालक समोर उभा आहे. लिहिणं तिला मिळालं तेही दिवंगत मालकिणीच्या कृपेने. कादंबरीत हाच मालक आधी तिच्या अक्षराची तारीफ करतो आणि पुढे तिचीच पत्रं अडवतो.

साक्षरतेचे आकडे इथे अर्धंच सांगतात. १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत वधूवरांच्या सह्या किंवा खुणा घेतल्या जाऊ लागल्या. त्यांवरून सुमारे ६० टक्के पुरुषांना आणि ४० टक्के स्त्रियांना सही येत असावी, असा अंदाज निघतो. पण शाळेत वाचन आधी शिकवत, लेखन नंतर. अनेक मुलींचं शिक्षण वाचन आणि शिवणावरच थांबे. फुली मारणारी बाई बायबल वाचत असू शकते.

म्हणून ‘साक्षर की निरक्षर’ या प्रश्नावर थांबू नये. कोणी, किती आणि कोणाच्या परवानगीने शिकायचं, आणि लिहिलेलं शेवटी कोणाच्या हाती पडायचं, हे विचारलं की वर्ग आणि लिंगभाव हे विषय चित्राबाहेरून आणावे लागत नाहीत.