दारीं आलेला मुलगा
(वाल्दोक्को येथील आश्रयगृहाचा अल्प इतिहास)

महोत्सवाचें वर्ष हें हिशेबाचें वर्ष असतें. मंदिराच्या भिंती कोणीं उभारल्या, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हें सर्व या स्मरणिकेंत अन्यत्र आलेंच आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामाचा आणखी एक हिशेब असतो व तो दाराचा होय. अवेळीं कोणीं दार ठोठावलें असतां तें उघडलें कीं नाहीं, एवढाच त्यांतील प्रश्न. म्हणून ज्यांस घर नाहीं अशा तरुण मुलांस आश्रय देण्याचें कार्य कसें सुरू झालें, याचा वृत्तान्त वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. संत जॉन बॉस्को यांचें नांव आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु त्यांचें आश्रयगृह पहिल्या पावलासच कसें अडखळलें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं इटलींतील पीडमाँट प्रांतीं, बेक्की नांवाच्या वाडींत, एका शेतकरी कुटुंबांत झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तोंच पितृछत्र हरपलें आणि मातोश्री मार्गारीता यांनीं शेती सांभाळून मुलांस वाढविलें. ५ जून १८४१ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली व त्याच वर्षीं ते तूरीन शहरीं राहावयास गेले. शहर त्या वेळीं झपाट्यानें वाढत होतें. गवंड्याच्या हाताखालीं काम करण्यास, धुराडीं झाडण्यास, विटा व चुना वाहण्यास डोंगराळ भागांतून मुलें एकटींच येत. काम असे तोंवर पोट भरे. काम सुटलें कीं रात्र रस्त्यावर जाई, आणि रस्त्यावरून तुरुंग फारसा दूर नसे. आपले मार्गदर्शक फादर जोसेफ काफासो यांच्यासमवेत बॉस्को तुरुंगांत जात. तेथें १२ ते १८ वर्षांचीं धडधाकट व हुशार मुलें कोठडींत बसून कुजतांना त्यांनीं पाहिलीं. त्याहूनही एक गोष्ट त्यांच्या मनास लागली. सुटून गेलेलीं मुलें थोड्याच दिवसांत परत तेथेंच येत, कारण बाहेर त्यांचें म्हणावयास कोणीच नव्हतें.

८ डिसेंबर १८४१ रोजीं, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीं, बार्तोलोमेओ गारेल्ली नांवाचा एक पोरका मुलगा असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या मंदिरांत शिरला. त्याला मिस्साची सेवा करतां येत नाहीं असें कळतांच मंदिराच्या सेवकानें त्याला मारून हांकून लाविलें. बॉस्को यांनीं त्याला परत बोलावून आपल्याजवळ बसविलें. तेथून दर रविवारीं मुलें जमूं लागलीं. जागा मात्र मिळेना. गोंगाटाला कंटाळून शेजारी तक्रार करीत आणि मेळा पुढल्या ठिकाणीं निघे. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं, वाल्दोक्को या भागांत पिनार्दी नांवाच्या गृहस्थाची एक बुटकी पडवी भाड्यानें मिळाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मातोश्री मार्गारीता, वयाच्या ५८ व्या वर्षीं, आपलें गांव सोडून मुलाच्या मदतीस आल्या.

रविवारचा मेळा संपला कीं कित्येक मुलांस जावयास ठिकाणच नसे. म्हणून बॉस्को यांनीं कांहीं जणांस गवताच्या माळ्यावर निजावयास जागा दिली. पांघरुणें दिलीं. सकाळीं पाहतात तों मुलें नाहींत आणि पांघरुणेंही नाहींत! येथेंच हा इतिहास संपला असता, तर कोणीं दोष दिला नसता. घर लहान, पैसा नाहीं, आणि केलेल्या उपकाराची ही फेड.

परंतु १८४७ च्या मे महिन्यांत, मुसळधार पावसाच्या एका रात्रीं, सुमारें १५ वर्षांचा एक मुलगा नखशिखांत भिजून दारीं आला. तो वाल्सेसिया खोऱ्यांतून गवंडीकाम शोधण्यास आला होता. जवळचे तीन लिरे संपले होते. मातोश्रींनीं त्याला चुलीजवळ बसविलें, अंग शेकूं दिलें, ऊन ऊन सूप व भाकर वाढली. पूर्वीच्या चोरीची आठवण दोघांसही होती व ती त्यांनीं लपविली नाहीं. मुलानें आपण गरीब आहों, परंतु चोर नव्हे, असें सांगितलें. तेव्हां स्वयंपाकघरांतच विटांचे चार खांब रचून, त्यांवर फळ्या टाकून अंथरूण केलें. मातोश्रींनीं त्याला श्रम, विश्वासूपणा व धर्म यांविषयीं चार शब्द सांगितले, प्रार्थना म्हणवून घेतली, आणि भांडीं शाबूत राहावींत म्हणून दाराला बाहेरून कुलूप लाविलें. सालेशियन घरांत निजण्यापूर्वीं मुलांस दोन शब्द सांगण्याची जी रीत आहे, ती या रात्रीपासूनची, असें परंपरा सांगते.

या कुलुपाकडे वाचकांनीं नीट पाहावें. मातोश्रींची दया भोळी नव्हती. एकदां फसगत झाली म्हणून त्यांनीं दार बंद ठेविलें नाहीं, आणि दार उघडलें म्हणून भांडीं उघड्यावर टाकलीं नाहींत. दया व सावधगिरी एकाच घरांत नांदूं शकतात, हें त्या निरक्षर मातेनें दाखवून दिलें.

थोड्याच दिवसांत दुसरा मुलगा आला. त्याची आई नुकतीच वारली होती, आणि भाडें थकल्यामुळें घरमालकानें खोलींतील सामान अडकवून ठेविलें होतें. मग मुलें वाढतच गेलीं. खर्चासाठीं मातोश्रींनीं आपल्या लग्नांतील वस्त्रें व दागिने मोडले. पण नुसत्या निजण्याच्या जागेनें मुलाचें आयुष्य सावरत नाहीं, हें बॉस्को यांनीं ओळखलें. रात्र एकच असते; खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुरू होते. म्हणून ते मुलांसाठीं मालकांशीं लेखी करार करूं लागले. १८५१ व १८५२ सालचे असे करार आजही उपलब्ध आहेत. मालकानें धंदा शिकवावा, धंद्याबाहेरचें काम लावूं नये, चूक झाल्यास शब्दांनीं समजवावें, हात उगारूं नये, रविवार व सण मोकळे ठेवावेत. १८५२ च्या करारांत तर वर्षाला १५ दिवसांची सुटीही लिहिली आहे. खालीं मुलाची सही, मालकाची सही, आणि जामिनाप्रमाणें धर्मगुरूची सही. पुढें घरांतच कारखाने निघाले. १८५३ सालीं चांभारकाम व शिवणकाम, १८५४ सालीं पुस्तकबांधणी, १८५६ सालीं सुतारकाम, आणि १८६२ पर्यंत छापखाना व लोहारकाम. मातोश्री मार्गारीता २५ नोव्हेंबर १८५६ रोजीं निवर्तल्या. १८ डिसेंबर १८५९ रोजीं सालेशियन संस्था स्थापन झाली. बॉस्को यांनीं ३१ जानेवारी १८८८ रोजीं देह ठेविला व १ एप्रिल १९३४ रोजीं ते संत म्हणून घोषित झाले.

हें कार्य आपल्याकडेही आलें. सालेशियन फादर १९०६ सालीं तंजावरास व १९२८ सालीं मुंबईस आले. घर सोडून मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर येणाऱ्या मुलांसाठीं येशूसंघीय फादरांच्या पुढाकारानें १९६२ सालीं ‘स्नेहसदन’ निघालें, आणि १९८७ सालीं वडाळा येथें डॉन बॉस्को यांच्या नांवाचें ‘शेल्टर’ सुरू झालें. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनी १९९६ सालीं मुंबईंतच प्रथम सुरू झाला. २०१५ च्या कायद्याप्रमाणें निराश्रित सांपडलेलें १८ वर्षांखालील मूल २४ तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें न्यावें लागतें. म्हणून असें मूल दिसल्यास त्याला परस्पर घरांत ठेवून न घेतां हा दूरध्वनी करावा.

परंतु मुलगा १९ वर्षांचा असेल तर? संस्थेंत वाढलेल्या तरुणांस पुढें २१ व्या वर्षापर्यंत कांहीं साह्य देण्याची तरतूद कायद्यांत आहे. जो प्रथमच त्या वयांत रस्त्यावर येतो, त्याला मात्र बाल म्हणून कोणी घेत नाहीं आणि प्रौढ म्हणून कोणी ओळखत नाहीं. खोली भाड्यानें घ्यावी तर जामीन मागतात. कामास जावें तर ओळख विचारतात. येथें कायद्याचा हात पोंचत नाहीं, पण धर्मग्रामाचा पोंचूं शकतो. आपल्यांत सुतार आहेत, वीजकाम करणारे आहेत, दुकानदार आहेत. वर्षाकांठीं अशा एका तरुणास कोणीं काम शिकविलें, कोणीं त्याच्यासाठीं जामिनाची सही केली, आणि काम मिळेपर्यंत चार रात्री अंथरुणाची सोय केली, तर त्यास मोठी इमारत लागत नाहीं. वाल्दोक्कोसही ती नव्हती. तेथें विटांचे चार खांब व कांहीं फळ्या होत्या.

पावसांत भिजून आलेल्या त्या पहिल्या मुलाचें नांव इतिहासानें जपलें नाहीं. त्याच्यासाठीं उघडलेलें दार मात्र जगभर ठाऊक झालें. आपल्या धर्मग्रामाच्या पुढील महोत्सवीं जो कोणी हिशेब लिहील, त्याला अशा एखाद्या दाराची नोंद करतां यावी, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.