दुचाकीला ‘घुसखोर’ कोणी केलं?

मस्कतमध्ये राहत असाल तर रुवी ते मबेला जाणारी ‘मवासलात’ची लाल बस तुम्ही पाहिली असेल. ओमानची सरकारी बस कंपनी 1972 सालची. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये तिनं हे नवं नाव घेतलं आणि शहरातल्या बसगाड्या नव्यानं सुरू केल्या. सुलतान काबूस रस्त्यावर गर्दीच्या वेळी ही बस मोटारींच्या रांगेत अडकून बसते, आणि मागे खोकं बांधलेले डिलिव्हरीवाले मोटारसायकलींवरून बाजूनं निसटतात. परवा शेजारी बसलेल्या काकू (मूळच्या कोथरूडच्या) खिडकीतून बघत म्हणाल्या, “बसला वेगळी लेन दिली ना, तर या पोरांनाही त्यातून जाऊ द्यायला हवं.”

मी लगेच हो म्हटलं. मग पुणं आठवलं आणि जीभ चावली.

डिसेंबर 2006 मध्ये पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. बससाठी राखीव लेनचा भारतातला हा पहिलाच मोठा प्रयोग. कल्पना लॅटिन अमेरिकेतली: ब्राझीलच्या कुरितिबानं 1974 मध्ये आणि कोलंबियाच्या बोगोतानं 2000 मध्ये केलेली. पण बोगोताच्या रस्त्यावर तेव्हा मोटारी होत्या. पुण्याच्या रस्त्यावर लूना, स्कूटर, मोटारसायकली. बाजूला मोकळी लेन दिसली की गाडी आपोआप तिकडे वळायची. नवा शब्द शोधायची गरजच पडली नाही, वर्तमानपत्रांनी तयार शब्द उचलला: ‘बीआरटी मार्गात घुसखोरी’. मग तोंडाशी वॉर्डन उभे राहिले, दंड सुरू झाला.

आता लंडन बघा. तिथे 5 जानेवारी 2009 पासून मुख्य रस्त्यांवरच्या बस लेन मोटारसायकलींना प्रयोग म्हणून खुल्या केल्या. प्रयोग लांबला आणि जानेवारी 2012 मध्ये कायम झाला. युक्तिवाद असा की मोटारसायकलस्वार हा रस्त्यावरचा असुरक्षित माणूस आहे; त्याला मोटारींच्या गर्दीतून बाहेर काढा. तिथल्या नियमांत शब्दही नेमका असतो: ‘सोलो’ मोटारसायकल, म्हणजे साइडकार नसलेली. सरकारी कागदांत ‘पॉवर्ड टू-व्हीलर’. आणि गंमत म्हणजे ही परवानगी सगळ्या लंडनला लागू नाही. काही रस्ते शहराच्या वाहतूक संस्थेकडे, बाकीचे स्थानिक बरोंकडे. त्यामुळे चौक ओलांडला की नियम बदलू शकतो, पाटी वाचायला हवी.

म्हणजे तेच वाहन एका शहरात घुसखोर आणि दुसऱ्या शहरात असुरक्षित. पुणेकर बेशिस्त, लंडनकर शहाणे, असं म्हणून विषय संपवणं मला पटत नाही. फरक संख्येचा आहे. लंडनच्या रहदारीत मोटारसायकली थोड्या, त्यामुळे बस लेन त्यांना सामावून घेऊ शकते. पुण्यात दुचाकी हीच मुख्य रहदारी. तिला परवानगी दिली, तर मोकळी होईल ती उरलेली लेन! शिवाय पुण्याची बीआरटी रस्त्याच्या मध्यावर. थांब्याकडे जायला माणसं रस्ता ओलांडतात. बस दुरून दिसते, दोन बसच्या फटीतून येणारी मोटारसायकल दिसत नाही.

आणि तरीही ‘असुरक्षित’ हा शब्द पुण्याच्या दुचाकीवाल्यालाच जास्त लागू पडतो. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली; त्यातले 44.5 टक्के दुचाकीवर होते. वेळेवर बस नाही म्हणून माणूस दुचाकी घेतो, मग त्याच दुचाकीमुळे बस अडते, आणि आपण त्याला घुसखोर म्हणतो. लेनमधून त्याला हाकलावं, असंच माझं मत आहे. पण तेवढं करून शहराची जबाबदारी संपत नाही.

दिल्लीत हा वाद कोर्टात गेला. 2012 मध्ये मोटारवाल्यांच्या बाजूनं याचिका झाली. जुलैत अंतरिम आदेशानं बस लेन सगळ्यांना खुली झाली, ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयानं याचिका फेटाळली. रस्त्याची वाटणी गाड्या मोजून नाही, माणसं मोजून करायची, हा मुद्दा तिथे टिकला. लेन मात्र टिकली नाही. 2016 मध्ये ती उखडली.

मस्कतला परत येते. अरबीत मोटारसायकल म्हणजे ‘दराजा नारिया’, शब्दशः आगीची सायकल. आणि ‘मवासलात’ ज्या धातूपासून आला, पोचणं-जोडणं या अर्थाच्या, त्यातूनच फारसीमार्गे आपला ‘वसूल’ आला. एकाच मुळातून इथे बस निघाली आणि पुण्यात दंडाची पावती!

इथे रस्त्याच्या कडेला बस लेन झालीच, तर काकूंचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. मोटारसायकली इथे मोजक्या आहेत, मोटारी महामार्गाच्या वेगानं धावतात, आणि गाडीवरचा मुलगा बहुतेक वेळा दुसऱ्या देशातून आलेला, घड्याळाशी बांधलेला कामगार असतो. पण उद्या त्या मोजक्यांच्या हजारो झाल्या, तर उत्तर बदलावं लागेल. म्हणून परवानगी द्यायची ती लंडनसारखी आधी मुदतीची द्यावी, आणि दरम्यान गाड्या मोजत राहावं. थांब्यावर उभी असलेली माणसंसुद्धा.