निर्धन रुग्ण योजना, महाराष्ट्र

धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत गरिबांना मोफत वा सवलतीत उपचार देणारी आणि त्यासाठी उत्पन्नाचा निकष लावणारी योजना. तिचा आधार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक. मुंबई उच्च न्यायालयापुढील जनहित याचिकेतून तिचे आजचे रूप ठरले व १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू झाली.

रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा होते. निर्धनाकडून काहीच घ्यायचे नाही. दुर्बल घटकातल्या रुग्णाने मात्र औषधे, वापराचे साहित्य व शरीरात बसवायची उपकरणे यांच्या खर्चाचा निदान निम्मा वाटा उचलायचा. हृदयात स्टेंट किंवा गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवायचा असेल, तर हा निम्मा वाटाही रोजंदारीवरच्या घराला कर्जात लोटतो.

सुरुवातीला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी २५,००० व दुर्बल घटकांसाठी ५०,००० रुपये होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत अनुक्रमे १,८०,००० व ३,६०,००० रुपयांवर आली आहे. पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड चालते. छाननी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक करतो.

खरी अडचण याच टप्प्यावर येते. पगारदाराकडे पगारपत्रक असते. नाक्यावरच्या मजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला वा खंडाने शेती कसणाऱ्याला उत्पन्न सिद्ध करायला तलाठ्याच्या अहवालापासून सुरुवात करावी लागते. रुग्ण मुंबई-पुण्यात दाखल आणि दाखला मिळणार गावच्या तहसील कचेरीत. सोबतच्या एकुलत्या नातेवाइकाने रुग्णाजवळ थांबायचे की एसटीने गावी जायचे? शिवाय दाखल्यावरचा आकडा मागील वर्षाचा असतो. आजारपणात बुडालेली मजुरी आणि उपचारांसाठी विकलेले जनावर त्यात दिसत नाही. निकषाचा हा दोष मूलभूत आहे. तातडीच्या रुग्णाला मात्र अनामत न मागता दाखल करून जीवरक्षक उपचार द्यावेत, कागदपत्रे नंतर पाहावीत, असे योजनेत स्पष्ट आहे. बहुतेक नातेवाइकांना हे ठाऊक नसते, म्हणून ते दाराशीच पैशांची जुळवाजुळव करत बसतात.

२०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी पिवळी व केशरी शिधापत्रिका हाच मुख्य निकष धरला. बहुतेक शुभ्र शिधापत्रिकाधारक त्यामुळे बाहेर राहिले. २०२३ मध्ये राज्य शासनाने ही योजना सर्व कुटुंबांना खुली करण्याचा व विमा संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. योजनेच्या यादीत नसलेल्या उपचारांसाठी धर्मादाय खाटांचीच वाट उरते, आणि तिथे उत्पन्नाचा दाखला आजही मागितला जातो.